तीन मिनिटांचा ख्याल : बापूराव पलुस्करांची एक तबकडी आणि तिच्याविषयीची मतांतरे

जुन्या गाण्याची आवड असलेली चार माणसे एकत्र बसली आणि बोलण्यात दत्तात्रेय विष्णु उर्फ बापूराव पलुस्करांचे नाव आले, की संभाषण बहुधा ठरलेल्या वाटेने जाते. प्रथम भजने निघतात. मग 'बैजू बावरा'मधली अमीर खाँसाहेबांबरोबरची जुगलबंदी निघते. शेवटी कोणीतरी सुस्कारा टाकून म्हणतो, "चौतिसाव्या वर्षी गेला हो माणूस!" आणि विषय तिथेच थांबतो. ह्या तीन मुक्कामांच्या आडवाटेला बापूरावांच्या रागदारीच्या काही छोट्या तबकड्या आहेत. कोणी तिलककामोदाची आठवण काढतो, कोणी गौडसारंगाची; पण भजनांनी जसे घराघरांत घर केले तसे त्यांचे झाले नाही. त्यांच्यातली गौडसारंगाची तबकडी आम्ही ह्या लेखासाठी निवडली आहे. तिचे गुणवर्णन हा लेखाचा मुख्य हेतू नाही. तिच्याविषयी ऐकणाऱ्यांची जी मते वर्षानुवर्षे कानांवर येत गेली, त्यांचा विचार करावा आणि त्या मतांमागे कलाकृतीविषयीच्या कोणत्या कल्पना उभ्या आहेत ते पाहावे, असा आमचा मानस आहे.

आमच्यापैकी काहींनी ही तबकडी प्रथम ऐकली ती नाशकातच, पंचवटीतल्या एका जुन्या घरी. यजमान वृद्ध होते, फोनो चावीचा होता, आणि गौडसारंग दुपारचा राग म्हणून जेवणे आटोपल्यावर भर दुपारीच तो लावायचा, असा त्या घरचा दंडक होता. नवी पिन बसवली गेली, खरखर सुरू झाली आणि तिच्यातून तो तरुण, लख्ख, कोठेही न चिरकणारा आवाज वर आला. तबकडी संपल्यावर आमच्यातला एक जण हळहळून म्हणाला, "सुरू व्हायच्या आत संपले." त्यावर यजमान शांतपणे म्हणाले, "संपले कुठे? पुन्हा लावू." ह्या दोन वाक्यांत सगळा वाद आहे असे आम्हांस पुढे वाटू लागले.

ह्या तबकडीचा आणि नाशिकचा संबंध केवळ आमच्या आठवणीपुरता नाही. बापूरावांचा जन्म नाशिकचा, २८ मे १९२१ चा. वडील पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) मूळचे कुरुंदवाडचे. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी ग्वाल्हेरची गायकी शिकलेले. १९०१ साली लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले, १९०८ मध्ये ते मुंबईस आले, आणि गाणे दरबारातून व दिवाणखान्यातून काढून मध्यमवर्गाच्या वर्गात आणि सभागृहात नेऊन बसवले. मुंबईची इमारत पुढे कर्जापायी गेली. आयुष्याच्या अखेरच्या दशकात ते पंचवटीत रामनाम आधाराश्रमात राहून रामायण सांगत आणि शिष्य घडवीत. अनेक अपत्ये बालपणीच गेल्यावर हाती राहिलेला हा मुलगा. वडील गेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता. पुढची तालीम विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास अशा वडिलांच्याच शिष्यांकडून झाली. चौदाव्या वर्षी जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात तो गायला, १९४० च्या दशकात त्याच्या तबकड्या निघू लागल्या, १९५२ साली चित्रपटाने त्याचे नाव सर्वदूर नेले, १९५५ साली सांस्कृतिक शिष्टमंडळाबरोबर तो चीनला जाऊन आला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मेंदूज्वराने गेला. ध्वनिमुद्रणांचा त्याचा काळ जेमतेम दहा-बारा वर्षांचा.

आता तबकडीकडे येऊ. लाखेची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी दहा इंची तबकडी एका बाजूस तीन-सव्वातीन मिनिटे वाजते. गायकाला त्या मर्यादेत काय करता येते ह्याचा हिशेब मांडून पाहावा. विलंबित ख्यालाचे एक आवर्तन अर्धा मिनिट घेत असेल, तर एका बाजूवर सहा आवर्तने मावतात. स्थायी नीट मांडून होईपर्यंतच निम्मी संपतात. द्रुत तीनतालाची लय मिनिटाला दोनशे मात्रांची धरली, तर सोळा मात्रांचे आवर्तन पाच सेकंदांच्या आत पुरे होते, आणि तेवढ्याच वेळात चाळीस आवर्तने हाती येतात. चाळीस वेळा समेवर येण्याची सोय ज्या लयीत आहे तिच्यात काहीतरी रचता येते. म्हणूनच त्या काळच्या रागदारी तबकड्यांत छोट्या ख्यालाचा भरणा अधिक. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्यांनी संथ आलापीचा भास त्याच तीन मिनिटांत निर्माण केला, हा त्यांचा पराक्रम. पण सर्वसाधारण वाट द्रुत बंदिशीचीच होती.

ग्वाल्हेर परंपरेस ही वाट मानवली, ह्याला कारण आहे. ह्या परंपरेत बंदिश म्हणजे रागाचा आराखडाच मानला जातो. स्थायी-अंतरा शुद्ध म्हटला की रागाचे चलन, त्याची वळणे, त्याचे थांबे समोर येतात. पुढचा विस्तार हा त्या आराखड्याचेच भाष्य. गौडसारंगासारख्या रागात हे विशेष खरे आहे. नावात सारंग असला तरी ह्याची जात निराळी. सारंगाच्या कुळात गांधार-धैवतांना सहसा थारा नसतो. इथे गांधार वादी आणि धैवत संवादी. भातखंड्यांनी त्याला कल्याण थाटात बसवले, आणि दोन्ही मध्यम त्यात लागतात. त्याची चाल सरळ नाही. 'ग रे म ग' असे मागे वळून पुढे जाणे हा त्याचा स्वभाव. सरळ तान घेतली की राग निसटतो. म्हणजे ज्या रागात प्रत्येक पावलाला वळण आहे, तो राग ज्या साच्यात वेळ अजिबात नाही त्यात गायचा, असा हा दुहेरी पेच आहे.

बापूरावांनी तो कसा सोडवला? तीनतालातली बंदिश, लय चढती पण दमछाक न करणारी, शब्दांचा उच्चार स्वच्छ, आणि ताना बंदिशीच्या अंगानेच वळणाऱ्या. आलापाची प्रस्तावना नाही म्हटली तरी चालेल. मुखडा दर वेळी परत येतो तो घाईने उरकलेला वाटत नाही. तयारी दाखवण्याचा मोह कोठे होत नाही, हा आम्हांस तिचा सर्वांत मोठा गुण वाटतो. चाळीस आवर्तनांपैकी किती ताना घ्यायच्या, ह्यापेक्षा किती घ्यायच्या नाहीत ह्याचा निर्णय तिथे ऐकू येतो.

हे आमचे मत झाले. इतरांची मते ह्याहून भिन्न आहेत, आणि ती ऐकण्यासारखी आहेत.

पहिले मत वानगीवाल्यांचे. त्यांचे म्हणणे असे की तबकडी ही शितावरून भाताची परीक्षा. खरे गाणे मैफलीत. दीड-दोन तास रंगत गेलेल्या ख्यालाशी ह्या तीन मिनिटांची तुलना करणे म्हणजे अत्तराच्या फायाला बाग म्हणणे. हे मत मांडणाऱ्यांत ज्यांनी बापूरावांना प्रत्यक्ष ऐकले होते असे वृद्ध रसिक प्रामुख्याने असत, आणि त्यांच्या बोलण्याला साक्षीदाराचे वजन असे. ते तबकडी ऐकत, मान डोलावत आणि म्हणत, "हे काहीच नाही." आम्ही निरुत्तर होत असू, कारण ज्या मैफलीचा दाखला ते देत तिथे आमचा प्रवेश नव्हता.

दुसरे मत पूर्णतावाद्यांचे, आमच्या त्या पंचवटीच्या यजमानांचे. त्यांना तबकडी हा मैफलीचा तुकडा वाटतच नाही. ती वेगळी वस्तू आहे, तिचे नियम वेगळे आहेत. तिथे श्रोत्याची दाद नाही, साथीदाराशी नजरानजर नाही, चुकले तर सावरायला जागा नाही. गायकाला आरंभीच शेवट ठाऊक असतो. ज्याला शेवट ठाऊक आहे त्याचे गाणे आणि ज्याला तो ठाऊक नाही त्याचे गाणे ह्यांची जातच निराळी, असे ते म्हणत.

तिसरे मत खरे तर मत नाही, शोक आहे. ह्या पंथाची माणसे प्रत्येक तबकडीत अकाली मृत्यूची चाहूल ऐकतात. गौडसारंगातही त्यांना विरह ऐकू येतो. आम्ही ह्या भावनेची थट्टा करणार नाही, तिच्यातून आम्हीही गेलो आहोत. परंतु विशी-तिशीतल्या गायकाने भर उमेदीत गायलेल्या बंदिशीत पुढे येणारे मरण शोधणे, हे चरित्र कलाकृतीवर लादणे होय. बालकवी किंवा केशवसुत शिकवताना वर्गात हीच चूक होते, हे अध्यापक वाचकांस सांगावयास नको. अल्पायुषी कवीची आनंदाची कविताही आपण शोकगीतासारखी वाचू लागतो. गौडसारंगाची ही तबकडी मुळात प्रसन्न आहे. तिला प्रसन्न राहू देणे हे तिच्या गायकाचे आपल्यावर ऋण आहे.

चौथे मत तुलनेतून येते. भजनांचे चाहते म्हणतात की बापूरावांचा आवाज भक्तिरसाचाच; रागदारी त्यांनी गायली, पण त्यांची मुद्रा उमटली ती भजनात. ह्याच्या उलट रागदारीचे कट्टर अभिमानी म्हणतात की भजनांनी त्यांचे नुकसान केले, लोकांनी गवयाला भजनी करून टाकले. चित्रपटाची गोष्टही अशीच. 'बैजू बावरा'त कथेच्या गरजेनुसार बैजू जिंकतो, म्हणजे पलुस्करांचा आवाज अमीर खाँसाहेबांच्या आवाजावर मात करतो. आणि त्या पटकथेच्या निकालावरून आजही रसिकांत हमरीतुमरी होते. त्या निकालाशी ह्या दोन्ही गायकांचा गायक म्हणून काही संबंध नाही. आम्हांस वाटते की भजन आणि छोटा ख्याल ह्यांत बापूरावांपुरते तरी मोठे अंतर नव्हते. वडिलांनी नाशकात रामनाम आणि राग एकाच घरात नांदवले होते. शब्द स्पष्ट म्हणणे, भाव उथळ न करणे, आणि आपण गातो आहोत हे सतत ऐकवत न राहणे, ही शिस्त दोन्हीकडे एकच आहे.

ह्या मतमतांतरांत साहित्याच्या विद्यार्थ्याला रस वाटावा असा आणखी एक पदर आहे. गाणे शिकणारी मुलेमुली तबकडीवरून बंदिशी उतरवून घेत. पिनेने झिजलेल्या रेषांतून एखादे व्यंजन पुसट येते. ब्रज बोलीचा कान मराठी माणसाला असतोच असे नाही. मग एका वहीत एक शब्द, दुसरीत दुसरा, आणि तिसरीत पहिल्या दोघांचे मिश्रण. आमच्या पाहण्यातल्या वह्यांत असे पाठभेद आहेत. ते सोडवण्यासाठी मंडळी तबकडी पुन्हापुन्हा ऐकत, कोणी छापील क्रमिक पुस्तके काढी, कोणी गुरुजींना विचारी, आणि वाद मिटला नाही तर प्रत्येक जण आपापला पाठ गाई. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत जे घडते तेच येथे कानाने घडत होते. मैफलीत ऐकलेल्या शब्दावर असा वाद घालता येत नाही, कारण तो शब्द हवेत विरून गेलेला असतो. तबकडीने गाण्याला प्रथमच संहितेचे रूप दिले: स्थिर, पुन्हा गाठता येणारे, दोघांनी एकाच ठिकाणी बोट ठेवून भांडावे असे.

पंचवटीचे यजमान "पुन्हा लावू" म्हणाले त्याचा अर्थ आम्हांस येथे उमगतो. तबकडीचा कालावधी तीन मिनिटे असला तरी तिच्याबरोबरचा श्रोत्याचा कालावधी तेवढा नसतो. जी तबकडी कोणी चाळीस वर्षे ऐकली, तिची लांबी किती म्हणायची?

ह्याच दशकात मराठी साहित्यात लघुतेचा प्रश्न दुसऱ्या दाराने आला होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. गंगाधर गाडगीळांचा 'मानसचित्रे' हा संग्रह १९४६ चा. गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर ह्यांच्या कथांनी कथा म्हणजे छोटी कादंबरी नव्हे हे वाचकाच्या गळी उतरवले. तोपर्यंत कथेकडे 'पुढे कादंबरी लिहील' अशा अपेक्षेने पाहिले जाई. जसे छोट्या ख्यालाकडे 'मैफलीत मोठा ऐकू' अशा अपेक्षेने. नवकथेस तिचा वाद घालणारे समीक्षक मिळाले. तीन मिनिटांच्या ख्यालाला मात्र समीक्षक फारसे लाभले नाहीत. वामनराव देशपांड्यांचे 'घरंदाज गायकी' १९६१ साली आले आणि त्याने स्वर व लय ह्यांच्या पट्ट्यावर घराणी मांडून मराठीत संगीतविचाराला नवी भाषा दिली. परंतु तिथे विचार झाला तो गायकीचा. एका तबकडीकडे एका कवितेसारखे पाहावे, ही सवय आपल्याकडे रुजली नाही. ते काम कानसेनांनी केले, घराच्या ओसरीवर, लेखणी हाती न धरता.

लहान तबकडीचे मोल कधी कधी दूरच्या माणसांना आधी कळते. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' याने अवकाशात सोडली, तेव्हा पृथ्वीवरच्या संगीताचा नमुना म्हणून सोबत दिलेल्या तबकडीवर भारतातून एकच गाणे गेले: केसरबाई केरकरांची सुमारे साडेतीन मिनिटांची भैरवी. गोव्यातल्या केरी गावच्या ह्या गायिकेची मैफल तासन् तास चाले असे सांगतात. सूर्यमालेबाहेर गेली ती तिची छोटी तबकडी. ती निवडणाऱ्यांनी तिला वानगी मानले की पूर्ण कलाकृती, हा प्रश्न आमच्या वानगीवाल्या मित्रांनी स्वतःस विचारावा.

अर्थात वानगीवाल्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. आकाशवाणीच्या आणि खाजगी संग्रहांतली बापूरावांची काही दीर्घ ध्वनिमुद्रणे पुढे उपलब्ध झाली. ती ऐकताना त्यांच्या विलंबित गायनातला धीमेपणा, बोलांची वाटणी, स्थायी भरण्याची रीत ह्यांचा जो प्रत्यय येतो तो तबकडीवर येत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. तबकडीपुरते बापूराव म्हणजे सगळे बापूराव नव्हेत. आमचे म्हणणे एवढेच की दीर्घ गायन हे छोट्याचे प्रमाणपत्र नव्हे. महाकाव्य लिहिणाऱ्या कवीचे मुक्तक महाकाव्यामुळे चांगले ठरत नाही. ते स्वतःच्या बळावर उभे राहते किंवा पडते.

७८ फेऱ्यांच्या तबकड्या १९७० च्या सुमारास आपल्याकडे बंद झाल्या. त्यांतली गाणी आधी दीर्घवादनी तबकड्यांत, मग कॅसेटींत, मग सीडींत आणि आता महाजालावर आली. ह्या स्थलांतरात खरखर गेली हे बरे झाले. पण सोबत दोन गोष्टी गेल्या. एक म्हणजे दुसरी बाजू. तबकडी उलटून दुसरा राग लावण्याची जी क्रिया होती, तिच्यात पहिल्या रागाला मनात मुरू देण्याइतका अवकाश असे. आता एक गाणे संपते न संपते तोच यंत्र पुढचे सुरू करते, आणि ते बहुधा भजनच असते. ज्याचे श्रोते जास्त तेच पुढे येणार, हा त्या यंत्राचा न्याय. म्हणजे लोकप्रियतेचा जो कौल पन्नास वर्षांपूर्वी पडला तोच आता दर तीन मिनिटांनी पुन्हा पडतो, आणि गौडसारंग आणखी मागे जातो.

दुसरी गोष्ट म्हणजे साक्षीदार. १९५५ साली जो वीस वर्षांचा होता तो आज नव्वदीच्या घरात असणार. "हे काहीच नाही, आम्ही प्रत्यक्ष ऐकले आहे," असे म्हणणारा आवाज आता जवळजवळ मावळला. ज्यांच्याशी आम्ही तावातावाने भांडलो, ती माणसे एकेक करून गेली. पंचवटीचे ते यजमानही गेले. वादात आता आमचीच सरशी आहे, कारण समोर कोणी उरले नाही. ह्या विजयात आनंद नाही. संगीताच्या इतिहासात गायकांची चरित्रे लिहिली जातात, घराण्यांच्या वंशावळी लिहिल्या जातात. ऐकणाऱ्यांनी काय ऐकले, कशावर माना डोलावल्या, कशावर नाके मुरडली, ते कोणी टिपून ठेवत नाही. त्या विरोधी मताविना आमचे मतही अर्धेच आहे. वानगी कोणत्या भाताची हे सांगणारा गेला, की शिताचा स्वादही जरा बदलतो.

म्हणून साहित्याच्या अध्यापकांपाशी आमचे एक मागणे आहे. घरात, शेजारी, आप्तांत एखादा जुना कानसेन असेल, तर त्याच्यापुढे एक तबकडी लावावी आणि तो काय बोलतो ते वहीत उतरवून घ्यावे. गौडसारंगच लावावा असा आग्रह नाही. पण लावलाच, तर दुपारी लावावा. आणि संपल्यावर लगेच पुढे जाऊ नये.